जुना पीएसपी ६.६१ फर्मवेअरवर नेणे आणि त्यावर होमब्रू चालवणे

सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजेच पीएसपी, १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले असले, तरी कपाटाच्या खणात पडून राहिलेले किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुन्यात घेतलेले पीएसपी आजही अनेकांकडे आहेत. असे यंत्र पुन्हा वापरात आणू पाहणाऱ्याला सर्वांत आधी भेटतो तो एक जुना इशारा : ‘काहीही झाले तरी अपडेट करू नका.’ हा इशारा २००५ साली अगदी बरोबर होता आणि पुढे अनेक वर्षे बरोबर राहिला. आज मात्र पीएसपीच्या बाबतीत तो उलटा झाला आहे. होमब्रू, म्हणजे हौशी मंडळींनी सोनीच्या परवान्याविना लिहिलेली सॉफ्टवेअर, चालवायची असोत वा नसोत, यंत्र आधी ६.६१ या शेवटच्या अधिकृत आवृत्तीवर नेणे हाच आता सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे. तसे का झाले हे समजले, तर पुढच्या पायऱ्या पाठ करण्याची गरज उरत नाही. म्हणून थोडा इतिहास आधी सांगणे भाग आहे.

जपानमधील पहिल्या यंत्रांवर १.०० हे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारे अंगभूत सॉफ्टवेअर, होते आणि ते मेमरी स्टिक या साठवणीच्या कार्डावरचा, सोनीच्या मान्यतेची डिजिटल सही नसलेला प्रोग्रामही मुकाट्याने चालवत असे. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत आलेल्या यंत्रांवर १.५० होते आणि त्यात तपासणी बसवलेली होती. काही महिन्यांतच त्या तपासणीला चकवा देण्याची युक्ती सापडली : एकाच प्रोग्रामचे दोन तुकडे करून ते दोन फोल्डरांत ठेवायचे, त्यांपैकी एका फोल्डरच्या नावाच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह लावायचे, आणि यंत्राने तपासावा एक व चालवावा दुसरा अशी व्यवस्था करायची. पडद्यावर दोन चिन्हे दिसत. त्यांतल्या एकाखाली ‘डेटा खराब आहे’ असा शेरा असे, आणि दुसरे चिन्ह बिनबोभाट सुरू होत असे. १.५१ आणि १.५२ या आवृत्त्यांनी ही वाट बंद केली. तेव्हापासून १.५० असलेले यंत्र जपून ठेवण्याची आणि अपडेटच्या सूचनेला नकार देण्याची सवय लोकांना लागली.

सोनीने बंदी घातली ती नुसती बंदी म्हणून नव्हे, तर प्रत्येक वेळी काहीतरी हवेसे देऊन. २.०० मध्ये इंटरनेट ब्राउझर आला आणि पडद्यामागे स्वतःचे चित्र लावण्याची सोय आली. शिवाय नवे खेळ नवे फर्मवेअर मागू लागले आणि त्यांच्या यूएमडी डिस्कवरच, म्हणजे पीएसपीचे खेळ ज्या छोट्या डिस्कवर येत तिच्यावरच, अपडेटची फाइल येऊ लागली. नवा खेळ खेळायचा तर अपडेट करा, आणि होमब्रू हवे तर खेळ सोडा, असा हा पेच होता. गंमत अशी की कुलूप उघडण्याच्या किल्ल्याही बहुतेक वेळा सोनीने दिलेल्या वस्तूंतच सापडत गेल्या. २.०० मध्ये टिफ प्रकारचे चित्र उघडण्याच्या कोडमध्ये चूक राहिली होती. तिचा फायदा घेऊन सप्टेंबर २००५ मध्ये यंत्र पुन्हा १.५० वर उतरवता आले, आणि २.०१ ने ती फट बुजवली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : लिबर्टी सिटी स्टोरीज’ या खेळाच्या साठवलेल्या डावाची फाइल मुद्दाम बिघडवून २.०० ते २.६० या आवृत्त्यांवर होमब्रू चालवता येऊ लागले. जून २००७ मध्ये ‘लुमिनेस’ या कोडी जुळवण्याच्या खेळात अशीच फट निघाली, ती ३.५० वरही चालत होती, आणि दुकानांत धूळ खात पडलेल्या त्या डिस्कला अचानक मागणी आली.

ऑगस्ट २००७ मध्ये मात्र हा सामना फर्मवेअरच्या पलीकडे गेला. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी स्मृतिचिप असते आणि तिच्यात बॅटरीचा अनुक्रमांक नोंदलेला असतो. तो अनुक्रमांक विशिष्ट पद्धतीने बदलला, म्हणजे सर्व स्थानी एफ हे अक्षर भरले, की यंत्र दुरुस्ती केंद्रासाठी राखून ठेवलेल्या अवस्थेत सुरू होते आणि अंतर्गत स्मृतीऐवजी मेमरी स्टिकवरून चालू होऊ पाहते. ‘पँडोरा बॅटरी’ या नावाने ही युक्ती प्रसिद्ध झाली. कोणतीही आवृत्ती असो, आणि यंत्र अर्धवट अपडेटमुळे मेलेले का असेना, ते यातून परत जिवंत करता येई. डार्क अ‍ॅलेक्स या टोपणनावाने काम करणाऱ्या स्पॅनिश प्रोग्रामरचे ‘एम३३’ हे कस्टम फर्मवेअर, म्हणजे होमब्रू चालावे म्हणून बदललेले फर्मवेअर, याच काळात घरोघरी पोहोचले. सोनीने यावर उत्तर दिले ते सॉफ्टवेअरने नव्हे, तर नव्या मदरबोर्डने : पीएसपी-२००० या दुसऱ्या पिढीच्या शेवटच्या बोर्डावर आणि २००८ च्या पीएसपी-३००० वर पँडोरा बॅटरी चालत नाही.

यापुढची कहाणी थोडक्यात सांगता येईल. ३००० साठी पुन्हा चित्रांच्या फायलींतील आणि खेळांतील फटी शोधणे सुरू झाले, प्रत्येक फट एखाद्या आवृत्तीपुरती टिकली, आणि ‘अपडेट करू नका’ हा मंत्र आणखी घट्ट झाला. मग डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत प्लेस्टेशन ३ च्या सुरक्षेतील मूलभूत चूक जाहीर झाली. पीएसथ्रीमध्ये पीएसपीचे खेळ चालवण्याची सोय असल्याने पीएसपीच्या सही करण्याच्या किल्ल्याही तिच्या पोटात होत्या, आणि २०११ च्या सुरुवातीला त्या बाहेर पडल्या. आता होमब्रूला फट शोधण्याची गरज उरली नाही. त्यावर यंत्र मान्य करील अशी सही करता येऊ लागली. सोनीने ऑगस्ट २०११ मध्ये ६.६० आणि जानेवारी २०१५ मध्ये ६.६१ आणले, आणि तिथे हा सिलसिला संपला. यानंतर नवी आवृत्ती नाही, म्हणून पुढे बंद होणारी वाटही नाही. आणि आजची सर्व जिवंत साधने ६.६० किंवा ६.६१ गृहीत धरूनच लिहिलेली आहेत. जुन्या आवृत्तीवर अडून बसण्यात आता संग्राहकाचा आनंद सोडल्यास काही मिळकत नाही.

अपडेटआधी काय पाहावे

पहिली गोष्ट बॅटरी. पीएसपीचा अपडेटर यंत्राच्या अंतर्गत फ्लॅश स्मृतीवर नव्याने लिहितो, आणि हे लिखाण मध्येच तुटले तर यंत्र पुन्हा सुरू होत नाही. पीएसपी-१००० असेल तर पँडोरा बॅटरी तयार करून ते वाचवता येते. ३००० असेल तर घरच्या घरी करण्यासारखा सोपा उपाय नाही. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर जोडलेला, अशा दोन्ही अटी पाळाव्यात. यंत्र नुसत्या चार्जरवर चालते हे खरे, पण बॅटरी नसताना अपडेटर पुढे जाऊ देत नाही. इतक्या वर्षांनी मूळ बॅटऱ्या फुगलेल्या असण्याची शक्यता फार मोठी आहे. यंत्र पालथे करून बॅटरीच्या झाकणावरून बोट फिरवावे : झाकण मधोमध उचललेले लागले, किंवा त्याची कड बाकीच्या प्लास्टिकशी समपातळीत बसत नसेल, तर बॅटरी बाहेर काढावी, तिला दाबू किंवा टोचू नये, आणि ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. नवी बॅटरी घेताना १००० ची जाड आणि २०००-३००० ची पातळ असते हे लक्षात ठेवावे. स्वस्त बदली बॅटऱ्या कधीकधी चार्जचे प्रमाण चुकीचे सांगतात, त्यामुळे अशी बॅटरी अपडेटआधी एकदोनदा पूर्ण वापरून पाहणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट यंत्राचा प्रकार. यंत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मॉडेल क्रमांक असतो. त्यातील हजाराचा आकडा पिढी सांगतो आणि शेवटचा आकडा यंत्र कोणत्या प्रदेशासाठी बनवले ते सांगतो : १००१ अमेरिकेचा, १००४ युरोपचा, १००० जपानचा. जपानी यंत्रावर होकारासाठी क्रॉसऐवजी गोलाचे बटण असते. हे ठाऊक नसल्याने ‘अपडेट सुरूच होत नाही’ अशी तक्रार करणारे कमी नाहीत. ई-१००० या स्वस्त मॉडेलमध्ये वाय-फाय नाही, आणि पीएसपी गो मध्ये यूएमडीचा कप्पा नाही, पण ६.६१ या सर्वांसाठी आहे.

तिसरी गोष्ट सध्याची आवृत्ती. मुख्य मेनूतील ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम सेटिंग्ज’ आणि त्यात ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडावे. तिथे नुसता आकडा दिसला, तर फर्मवेअर अधिकृत आहे. आकड्यामागे ‘एम३३’, ‘प्रो’, ‘एलएमई’ यांसारखी अक्षरे दिसली, तर आधीच्या मालकाने किंवा दुकानदाराने कस्टम फर्मवेअर घातलेले आहे. भारतात जुन्यात मिळणाऱ्या यंत्रांत ‘५.०० एम३३’ पुष्कळ आढळते. अशा यंत्रावर आधी उजवे आर बटण दाबून धरून यंत्र सुरू करावे, उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूत सर्व प्लगइन, म्हणजे फर्मवेअरला जोडलेले छोटे प्रोग्राम, बंद करावेत, आणि मगच अपडेटकडे वळावे. सिस्टमच्या पोटात ढवळाढवळ करणारा प्लगइन चालू असताना फ्लॅशवर लिहू देणे योग्य नव्हे.

मेमरी स्टिकबद्दल एवढेच, की ती यंत्रातूनच फॉरमॅट करावी आणि त्याआधी तिच्यावरील ‘सेव्हडेटा’ फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावा. मायक्रोएसडी कार्डाचा अ‍ॅडॉप्टर चालतो. मात्र कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले हवे, एक्सफॅट पीएसपीला वाचता येत नाही.

अपडेट

‘सिस्टम अपडेट’मध्ये इंटरनेटवरून अपडेट करण्याचा पर्याय दिसतो, पण त्याच्या नादी लागू नये. पीएसपीचे वाय-फाय ८०२.११बी या जुन्या मानकाचे आहे आणि आजच्या राउटरवर सर्रास असणारी डब्ल्यूपीए२ सुरक्षा त्याला येत नाही. जोडणी व्हावी म्हणून घरच्या राउटरची सुरक्षा उतरवण्याचा सल्ला काही जण देतात. एका जुन्या खेळयंत्रासाठी घरातले सगळे फोन आणि संगणक उघड्यावर टाकण्यात काही अर्थ नाही.

त्याऐवजी ६.६१ ची फाइल संगणकावर घ्यावी, आणि तीही सोनीकडूनच. फायलीचे नाव ‘ईबूट’ आणि त्याचे शेपूट ‘पीबीपी’ असते. मेमरी स्टिकवर ‘पीएसपी’ नावाचा फोल्डर, त्यात ‘गेम’, त्यात ‘अपडेट’, आणि त्यात ही फाइल, अशी उतरंड हवी. सर्व नावे रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांतच लिहावीत. ब्राउझरने उतरवताना फायलीच्या नावाला कंसात आकडा जोडला असेल तर तो काढून टाकावा, नाहीतर यंत्राला फाइल दिसतच नाही. पीएसपी गो सोडल्यास यूएसबीची तार मिनी-बी प्रकारची लागते, हल्लीच्या फोनची चालत नाही.

यानंतर ‘गेम’ विभागात ‘मेमरी स्टिक’ उघडल्यावर अपडेटचे चिन्ह आवृत्तीच्या आकड्यासह दिसते. चिन्हाखालचा आकडा ६.६१ आहे याची खात्री करून ते सुरू करावे, अटी मान्य कराव्यात आणि यंत्र टेबलावर ठेवून द्यावे. पडद्यावरची टक्केवारी मध्ये काही वेळ अडल्यासारखी वाटते. तेव्हा बटणे दाबून पाहण्याचा मोह टाळावा. पूर्ण झाल्यावर यंत्र स्वतः सांगते व पुन्हा सुरू होते. अपडेटर खालच्या आवृत्तीकडे जाऊ देत नाही, आणि त्यासाठी वेगळी साधने असली तरी प्रत्येक मदरबोर्डची स्वतःची एक किमान आवृत्ती असते. ३००० च्या यंत्रावर १.५० घालण्याचा प्रयत्न म्हणजे यंत्राला मूठमाती.

निर्बंध नेमका कुठे आहे

६.६१ वर जुना होमब्रू प्रोग्राम तसाच टाकून सुरू केला, तर पडदा क्षणभर काळा होतो आणि ‘खेळ सुरू करता आला नाही’ या वाक्यासोबत ८००२०१४८ हा आकडा येतो. फाइल बिघडलेली नाही, मेमरी स्टिकही नाही. सही नसलेला प्रोग्राम अधिकृत फर्मवेअरने नाकारला, एवढाच या आकड्याचा अर्थ. हा निर्बंध दोन थरांचा आहे. पहिला थर सहीचा : प्रोग्राम उघडण्याआधी तो सोनीच्या किल्लीने बंद केलेला आहे की नाही हे पाहिले जाते. दुसरा थर अधिकाराचा : सही पटली तरी प्रोग्राम ‘यूजर मोड’मध्येच चालतो, आणि फ्लॅश स्मृतीवर लिहिण्यासारख्या गोष्टी ‘कर्नल मोड’साठी, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यासाठी, राखीव असतात. २०११ मध्ये पहिला थर मोडला. दुसरा ओलांडण्यासाठी अजूनही फर्मवेअरमधील फट लागते, आणि ६.६१ मधील अशा फटी माहीत आहेत. कस्टम फर्मवेअर नेमके हेच काम करते : फटीतून कर्नलमध्ये शिरते आणि सहीची तपासणी स्मृतीतल्या स्मृतीत निष्प्रभ करते.

आज यासाठी ‘आर्क-४’ हा संच सोयीचा आहे, कारण तो अजूनही सांभाळला जात आहे आणि त्याचा कोड खुला आहे. त्यातील ‘आर्क_०१२३४’ हा फोल्डर ‘सेव्हडेटा’मध्ये आणि लोडरचा, म्हणजे तो संच सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, फोल्डर ‘गेम’मध्ये ठेवायचा, आकडे अर्थात इंग्रजीतलेच. मग ‘गेम’ विभागातून लोडर सुरू केला की मेनू क्षणभर जाऊन परत येतो, आणि ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये ६.६१ पुढे नवी अक्षरे दिसतात. हा परिणाम यंत्र पूर्ण बंद होईपर्यंत टिकतो. वरचा स्विच एकदा सरकवून यंत्र झोपवले तर तो राहतो. स्विच काही सेकंद धरून ठेवला किंवा बॅटरी काढली तर जातो, आणि लोडर पुन्हा चालवावा लागतो. पुष्कळांना हा व्याप वाटतो आणि ते पहिल्याच दिवशी कायमस्वरूपी बसवण्याच्या मागे लागतात. तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कायमस्वरूपी बसवणे म्हणजे पुन्हा फ्लॅशवर लिहिणे; तात्पुरत्या पद्धतीत काही चुकले तर यंत्र बंद करून चालू केले की अधिकृत ६.६१ समोर हजर असते. काही आठवडे सुरळीत गेल्यावर, आणि बॅटरीवर पूर्ण विश्वास बसल्यावरच, पुढचा विचार करावा.

प्रत्येक होमब्रूचा स्वतःचा फोल्डर ‘गेम’मध्ये ठेवला की तो मेनूत दिसतो. एखादा चालला नाही तर आधी त्याचे वय पाहावे. २००५-०६ मधील बरेच प्रोग्राम १.५० च्या कर्नलसाठी लिहिलेले आहेत आणि ते २००० किंवा ३००० वर चालणारच नाहीत. त्यांची नंतरची आवृत्ती शोधणे हाच उपाय. ‘लेमक्राफ्ट’सारखे ठोकळे रचण्याचे खेळ किंवा ‘वॅजिक’ हा पत्त्यांचा खेळ यांच्यापासून सुरुवात करावी. ‘बुकर’ या पीडीएफ वाचकाचा मराठी माणसाला वेगळा उपयोग आहे : पीएसपीच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने फायलींची मराठी नावे मेनूत वाचता येत नाहीत, पण ज्या पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवलेला आहे तिची मराठी पाने बुकर नीट दाखवतो. पडदा ४८० बाय २७२ बिंदूंचा असल्याने पान आडवे करून वाचावे लागते, हे आलेच.

कायद्याची बाजू दोन वाक्यांत आटोपणारी नाही, पण मुख्य मुद्दा स्पष्ट आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आले. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड सांगितला आहे. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती मात्र त्या कलमातून वगळलेली आहे. स्वतः लिहिलेला किंवा लेखकाने मोकळा सोडलेला प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर चालवणे आणि विकत न घेतलेल्या खेळांच्या प्रती भरून घेणे, या दोन गोष्टींतला फरक इथेच आहे. दुकानदार ‘शंभर खेळ भरून देतो’ म्हणतो तेव्हा तो दुसऱ्या गोष्टीची किंमत लावत असतो.

हे सारे पीएसपीपुरते. याच कंपनीच्या व्हीटा या नंतरच्या हातातल्या खेळयंत्रासाठी ३.७४ ही मे २०२२ ची आवृत्ती शेवटची असली, तरी यंत्राच्या सुरुवातीलाच लागू होणारे कायमस्वरूपी ‘एन्सो’ हे होमब्रूचे साधन फक्त ३.६० आणि ३.६५ वर बसते. त्यामुळे तिथे अपडेट करण्याआधी आपली आवृत्ती पाहून थांबावे. निन्टेंडो स्विचचा प्रकार त्याहून निराळा आहे. मोठ्या अपडेटसोबत त्याच्या प्रोसेसरमधील फ्यूज कायमचे जाळले जातात, मागे परतणे त्यामुळे अडते, आणि बदललेले यंत्र ऑनलाइन सेवेतून बाद होऊ शकते. ज्या कन्सोलचा निर्माता अजून अपडेट देत आहे, त्याच्यासाठी २००५ चा तो जुना इशारा जसाच्या तसा लागू आहे : काय गमावणार हे कळेपर्यंत होकाराचे बटण दाबू नये.